बापाच्या गळ्यातला हात

माझा उजवा हात पहिल्यांदा मेला तेव्हा तो माझ्या बापाच्या गळ्यात होता.

पलूसपासून नदीकडं आत गेलं की आमचं गाव लागतं. आबा पलटणीत होते. तिथं कुस्त्या खेळले, हवालदार होऊन परत आले आणि गावच्या तालमीचे वस्ताद झाले. ऊस चुलते बघायचे, आबा पैलवान बघायचे. मी त्यांचा एकुलता मुलगा. कळायला लागल्यापासून तालमीत वाढलो. तिथं त्यांना 'आबा' म्हणायची मुभा नव्हती. एकदा चुकून म्हणालो, तर कानाखाली अशी बसली की दिवसभर त्या कानात भुंगा फिरत होता. तालमीत वस्ताद, घरात आबा. पण खरं सांगायचं तर घरातसुद्धा ते वस्तादच असायचे.

त्या सकाळी मी एकवीस वर्षांचा होतो. आखूड मानेचे, भुवया जुळलेले आबा अधूनमधून स्वतः लांग चढवून मातीच्या हौद्यात उतरायचे आणि एकेका पठ्ठ्याला रगडायचे. त्यांना कुणी पाडायचं नाही, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. माझी पाळी आली. खडाखडी सुरू असताना त्यांनी माझ्या मानेवर थाप मारली. थाप कसली, हातोडाच. दुसरी मारली. तिसरीला मी खाली बसलो, पाय धरून त्यांचा पट काढला आणि ते गुडघ्यावर आले. मग मी पाठीवर चढलो, उजवा हात गळ्याखालून घातला आणि त्यांना फिरवायला लागलो. अंगात ताकद कुठून आली माहीत नाही. त्यांचा खांदा मातीकडं जाताना मला दिसला. भोवतीच्या पोरांपैकी एकानं तोंडावर हात ठेवला.

आणि माझा हात गेला. दुखलं नाही, मुंग्या आल्या नाहीत. वीज जाते तसा गेला. खांद्यापासून बोटांपर्यंत ओल्या पोत्यासारखा लोंबायला लागला.

पैलवानाला समोरच्याच्या अंगातला बदल लगेच कळतो. आबांनी त्याच हाताला धरून मला उलटा टाकला. माझे दोन्ही खांदे टेकले, चितपट झालो. कुस्ती तिथंच संपायला हवी होती. ते उठले नाहीत. त्यांनी आपला गुडघा माझ्या गळ्याजवळच्या हाडावर ठेवला, सगळं वजन त्यावर टाकलं आणि कानाशी तोंड आणून अगदी हळू म्हणाले, "वस्तादाच्या अंगावर चढतोस व्हय रं?"

हाड मोडल्याचा आवाज उसाचं कांडं मोडल्यासारखा आला.

मग त्यांनीच मला मोटारसायकलवर बसवून पलूसला नेलं. डॉक्टरला सांगितलं, कुस्तीत झालं. ते खोटंही नव्हतं. पुढचा महिनाभर रोज आपल्या हातानं बदाम वाटून थंडाई करून आणायचे आणि मी पेला रिकामा करेपर्यंत समोर उभे राहायचे. माझा बाप असा होता. ज्या हातानं मोडायचा, त्याच हातानं पाजायचा. मला लहानपणापासून दोन्ही एकच वाटायचं.

हाड जुळलं. हातही परत आला, जणू कधी गेलाच नव्हता. सगळे धरून चालले की त्या दिवशी नस दबली असणार.

पुढच्या वर्षी उंब्रजजवळच्या एका गावच्या जत्रेत माझी कुस्ती लागली. समोरचा गडी साताऱ्याकडचा, माझ्याहून वयानं मोठा, आखूड मानेचा आणि भुवया जुळलेला. सलामीला हात मिळवला तेव्हाच मला त्याच्या अंगाचा वास ओळखीचा वाटला, तेल आणि मातीचा. हलगी कडाडत होती. कुस्ती चांगली रंगली. त्यानं माझं नाक फोडलं, मी त्याचा ओठ. शेवटी मी त्याला खाली घेतला, हात गळ्यात घातला, त्याचा खांदा माती शिवणार एवढ्यात हात पुन्हा मेला.

त्यानं मला पाडलं. मग कुणीतरी ओरडलं, "नुरा! नुरा कुस्ती!" म्हणजे आधीच ठरवून केलेली. चपला आल्या. एक नारळाची करवंटी माझ्या कपाळाला लागली. जिंकत आलेला गडी ऐनवेळी हात सोडतो हे सगळ्यांनी मोबाइलवर घेतलं होतं. आम्ही घरी पोचायच्या आधीच ते चित्र गावात पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी दोन पैलवानांना सांगून मला मल्लखांबाला धरून ठेवायला लावलं. निरगुडीची ओली काठी घेतली आणि माझ्या उजव्या हातावर खांद्यापासून खाली मारायला लागले. "जागा हो!" ते ओरडत होते. "जागा हो भडव्या!" ते माझ्याशी बोलत नव्हते, माझ्या हाताशी बोलत होते. कातडी फुटली. मला धरलेल्यांपैकी एकजण रडायला लागला. मी त्याच्याकडं बघत होतो, कारण मला काहीच लागत नव्हतं. काठी पडताना दिसत होती, रक्त दिसत होतं, पण तो मार दुसऱ्याच कुणाला तरी चालला होता.

आबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांची काठी थांबली. त्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

मिरजेला दाखवलं. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. फोटो निघाले, विजेचे चटके देऊन नसा तपासून झाल्या. शेवटी एका मेंदूच्या डॉक्टरनं टाचणी घेऊन माझ्या हातावर इंचाइंचाला टोचलं आणि पेननं खुणा केल्या. खुणा जोडल्यावर खांद्याभोवती गोल रेघ तयार झाली. रेघेच्या वर सगळं कळत होतं, खाली काही नाही.

"हे बघा," तो आबांना म्हणाला, "नसा अशा शर्टाच्या बाहीसारख्या शिवलेल्या नसतात. नस गेली असती तर बधिरपणा वाकडातिकडा पसरला असता. हा हात शरीरानं बंद केलेला नाही. मनानं केलाय."

"येडा न्हाई माझा पोरगा," आबा म्हणाले.

"वेडा म्हणालो नाही मी."

आबा खुर्ची मागं ढकलून उठले. खुर्ची भिंतीवर आपटली. डॉक्टरनं सांगलीतल्या एका बाईंचा पत्ता माझ्या हातात कोंबला. डाव्या हातात.

सांगलीच्या त्या डॉक्टरबाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. घराच्या पुढच्याच खोलीत बसायच्या. भिंतीवर पुराच्या पाण्याची पिवळट रेघ होती, ती त्यांनी रंगवून काढली नव्हती. आबांना न सांगता मी दर बुधवारी एसटीनं जायला लागलो. तोवर हात परत आला होता, पण काही कुस्त्यांत मध्येच जायचा आणि काही दिवसांनी परत यायचा. आईला ठाऊक होतं. ती काही विचारायची नाही.

बाई फार कमी बोलायच्या. मनात येईल ते बोलत राहा, लाज वाटली तरी, फालतू वाटलं तरी, एवढंच सांगायच्या. मी पहिले कित्येक बुधवार डावपेच सांगत बसलो. लंगोटाचे नियम सांगितले: बाईकडं बघायचं नाही, बाईचं नाव काढायचं नाही. मोबाइलवर एका मुलीचा संदेश सापडला म्हणून आबांनी एका पैलवानाला हौद्यात आडवा होईपर्यंत कसं मारलं, तेही सांगितलं. हे सगळं मी अभिमानानं सांगत होतो. त्यांनी मध्येच विचारलं, "हात जायच्या आधी क्षणभर काय दिसतं?"

"खांदा. समोरच्याचा खांदा मातीकडं जाताना."

"कुणाचा?"

"कुणाचाबी. कुस्तीत समोर आसंल त्याचा."

मग मलाच आठवलं की सगळ्या कुस्त्यांत हात जात नव्हता. पोरसवदा गडी मी पटापट पाडत होतो. आखूड मानेचा, माझ्याहून थोराड, वास ओळखीचा असला की मगच.

त्याच दिवशी मी त्यांना विहिरीची गोष्ट सांगितली. हसत सांगितली, कारण आमच्या घरात ती हसूनच सांगायची रीत होती. सणाला पाहुणे जमले की आबा स्वतः सांगायचे, 'पोरगं लय तापट हुतं बघा.' मी चार-पाच वर्षांचा होतो. आबा तेव्हा पलटणीत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. ते नसताना मी आईजवळ झोपायचो. ते आले की मला उचलून बाहेरच्या सोप्यात टाकायचे आणि आतल्या दाराला कडी लागायची. मग भांडी पडल्याचे आणि आईला मारल्याचे आवाज. एका सुट्टीत त्यांनी आईला केसांना धरून गोठ्याकडं ओढत नेलं. मी खलातला बत्ता उचलला आणि त्यांच्या नडगीवर हाणला. आबा आधी हसले. मग त्यांनी माझा उजवा हात मनगटाजवळ धरला, मला मळ्यातल्या विहिरीवर नेलं आणि त्या एका हातानं पाण्यावर लोंबकळत धरलं.

"पुन्यांदा उचलशील ह्यो हात? उचलशील? तोडून टाकीन खांद्यापासनं."

गोष्ट इथं संपायची आणि पाहुणे हसायचे. मीही हसायचो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "खाली पाणी होतं?"

"व्हय."

"दिसत होतं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला ओकारी झाली. त्यांच्या फरशीवर.

पुढच्या वेळी त्यांनी मला पहिल्यांदा शास्त्र सांगितलं. म्हणाल्या, आमच्या विद्येत एक जुनी मांडणी आहे. मूल पायऱ्यापायऱ्यांनी वाढतं. आधी त्याचं सगळं सुख तोंडात असतं, दूध आणि चोखणं. मग शी-शू धरायला आणि सोडायला शिकतं, तेव्हा त्याला आपल्या अंगावर ताबा कळतो. ऐकायचं की अडून बसायचं, हे ते तिथं शिकतं. मग तीन ते सहाच्या दरम्यान त्याला आई पुरती आपली हवीशी होते, आणि बाप आडवा आलेला दिसतो. हा माणूस नसता तर बरं, असं त्याला वाटतं. पण त्याच माणसाची त्याला भीती असते, आणि त्याच्यावर जीवही असतो. एवढं सगळं त्या जिवाला पेलत नाही. मग ते ही इच्छा आत कुठंतरी पुरतं आणि बापाचाच कायदा आपला म्हणून चालवायला लागतं. बहुतेकांचं तिथं निभावतं. काहींचं त्या पायरीवर अडकतं. मोठेपणी तीच इच्छा खरी व्हायची वेळ आली की आतून कुणीतरी ब्रेक दाबतं. कुणाला धाप लागते, कुणी दिवसभर हात धूत बसतं, कुणाचा हात जातो.

"तुमचा हात तुमचा शत्रू नाही," त्या म्हणाल्या. "तो तुम्हाला अडवतोय. बापाला मारण्यापासून."

मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की ही बाई माझ्या आईबद्दल घाण बोलते आहे.

"आईबद्दल काय म्हनला तुमी?" मी उठलो. "माज्या आईबद्दल?"

"तुम्ही चार वर्षांचे होता. चार वर्षांच्या मुलाला आई हवी असते, यात घाण काही नाही."

मी मधल्या टेबलाला लाथ घातली. त्यावरची काच फुटून खोलीभर झाली. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो आणि हात उगारला. उजवा. तो वर गेला आणि तिथं, त्यांच्या डोक्यावर, पडला. मारला नाही, मेल्यामुळं पडला, झोपलेल्या माणसाचा असावा तसा. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश माझ्या मांडीशी आणून सोडला.

"पुढच्या बुधवारी या," त्या म्हणाल्या. "काच मी झाडून घेते."

मी दोन बुधवार गेलो नाही. तिसऱ्या बुधवारी गेलो तेव्हा टेबलावर काचेऐवजी सतरंजीची घडी होती. मी विचारलं, "ह्ये शास्त्र खरं कशावरनं?"

"भांडण आहे त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "ज्यानं हे मांडलं, त्याला आधी वाटलं होतं की रोगाचं मूळ म्हणजे लहानपणी खरोखर बसलेला घाव. पुढं त्यानं मत बदललं. घाव नव्हे, मुलाच्या मनातली इच्छा, असं म्हणायला लागला. काहींना वाटतं तो पुढं गेला. काहींना वाटतं तो घाबरला, कारण घाव म्हटलं की कुणीतरी घाव घालणारा आला."

"आन तुमाला?"

"विहीर मला खरी वाटते. पण एवढंसं मूल बत्ता घेऊन धावलं, ते कशाच्या जोरावर, ते मला कळत नाही. तुमच्या आईला कधी विचारलंत?"

आईचं माहेर माणदेशातलं. पाऊस न पडणाऱ्या गावातून ती उसाच्या गावात आली, हे तिचं नशीब, असं सगळे म्हणायचे. ती घरामागच्या परड्यात मेथी निवडत बसली होती. दुपारची वेळ, आबा तालमीत. मी शेजारी बसलो आणि मेथीची एक जुडी पुढं ओढली. शास्त्र तिला कसं सांगणार? मी एवढंच विचारलं, "आई, तवा मी आबांना बत्ता का मारला?"

तिचे हात थांबले नाहीत. "मी सांगितलंतं म्हनून."

"कवा?"

"रोज." तिनं देठ मोडून टाकले. "तू जेवायचा न्हाईस. तुला भरवावं लागायचं. येक घास काऊचा, येक घास चिऊचा. आन तिसरा घास ह्या हाताचा." तिनं बोटानं माझ्या उजव्या दंडाला टोचलं. मला ते कळलं. "खा, म्हनायची. मोठा हो. ह्यो हात मोठा हू दे आन त्येला आडवा पाड. कायमचा. घासाघासाला सांगायची मी तुला."

तिनं दुसरी जुडी ओढली.

"त्ये तिकडं बर्फात आसायचं. मी तारंची वाट बघायची. दुसऱ्या बायका तार नको म्हनून देव पान्यात ठिवायच्या, मी तार यावी म्हनून. देवाला सांगाया लाज वाटायची. पाप लागंल वाटायचं. मग तुला सांगायची. तू काय, येवढंसं हुतास. तुला काय कळतंय, वाटलं."

"मला आठवत न्हाई त्यातलं काय."

"कसं आठवंल?" ती म्हणाली. मेथीचा ढीग तिनं पदरात घेतला आणि आत गेली.

मी परड्यात कितीतरी वेळ बसून होतो. बाईंच्या शास्त्राप्रमाणं ती इच्छा माझी होती, माझ्यातच उगवलेली. असेलही. पण तिला पाणी कुणी घातलं ते मला आज कळलं होतं. मला आईचा राग आला नाही. राग यायला हवा, असं मात्र वाटत राहिलं.

सांगलीला मी कुठं जातो ते आबांना त्याच आठवड्यात कळलं. पलूसच्या स्टँडवर कुणीतरी बघितलं होतं. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. दिवेलागण झाली होती. आई चुलीजवळ, आमटीचं पातेलं नुकतंच खाली उतरवलेलं.

"येड्याच्या डागतराकडं जातोय तुजा ल्योक," आबा आईला म्हणाले. "तुला ठाव हुतं?"

"हुतं," आई म्हणाली.

त्यांनी ताट भिरकावलं. ते आईच्या कानशिलाला लागलं. मग उठून त्यांनी तिचे केस धरले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. परत आपटायला मागं ओढलं, तेव्हा चौकटीला रक्त लागलेलं होतं.

मी मागून गेलो आणि उजवा हात त्यांच्या गळ्यात घातला. आता जाईल, मला वाटलं. आता जाईल. मी वाट बघत होतो. हात गेला नाही.

आबांनी आईला सोडलं आणि मग ते खरोखर लढले. साठीला आलेला माणूस, पण तीस वर्षांची माती अंगात. त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि पुढचा दात तुटून माझ्याच घशात गेला. आम्ही दोघं आमटीच्या पातेल्यावर पडलो. गरम आमटी त्यांच्या छातीवर आणि माझ्या मांडीवर सांडली, दोघंही ओरडलो, कुणीच सोडलं नाही. त्यांनी माझ्या बरगडीत गुडघा घातला. मी त्यांचं बोट पिरगळलं, ते मोडल्याचं मला हाताला कळलं. मग मी त्यांना फिरवलं. त्यांची पाठ फरशीवर आली, मी छातीवर बसलो आणि हाताचा आडवा दांडा त्यांच्या नरड्यावर ठेवून दाबला.

मी दाबत राहिलो. त्यांचं तोंड आधी लाल झालं, मग जांभळं. त्यांची टाच फरशीवर आपटत होती. मला काय वाटत होतं ते लिहायचं तर लिहितो: मला बरं वाटत होतं. जेवून तृप्त झाल्यावर वाटतं तसं.

"सोड," आई म्हणाली.

मी सोडलं नाही.

ती रांगत जवळ आली. कपाळातलं रक्त तिच्या डोळ्यांत जात होतं. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला, ओढला नाही, नुसता ठेवला. "सोड रं. मी जे म्हनलेलं, त्ये मी माघारी घेते. आयकलंस का? माघारी घेते मी."

मी हात उचलला.

आबा कुशीवर वळले. बराच वेळ खोकत होते. तोंडातून लाळ आली. आमटीत भिजलेले, बोट मोडलेले, तसेच पडल्या पडल्या छताकडं बघत ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "डावा खांदा टेकला न्हाई."

आईला कपाळाला टाके पडले. दवाखान्यातल्या डॉक्टरनं कसं लागलं विचारलं. आई म्हणाली, "पडले." मग तो सुई ओवत असताना तीच परत म्हणाली, "न्हाई. नवऱ्यानं मारलं." पोलिसांत जायला ती तयार झाली नाही. पण घरीही गेली नाही. त्या दिवसापासून ती माझ्याजवळ आहे. आधी उंब्रजला मावशीकडं राहिलो, मग मला सांगलीच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षकाची नोकरी लागली आणि आम्ही इकडं आलो.

हात त्यानंतर कधी गेला नाही. मिरजेच्या डॉक्टरनं परत टाचणी टोचली, सगळीकडं कळलं. मी खूश होऊन बाईंना सांगायला गेलो. त्या खूश झाल्या नाहीत.

"बरा झालात असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "आजवर ब्रेक होता. आता निघाला. गाडी तीच आहे."

"म्हंजे?"

"त्या दिवशी आई मध्ये पडली नसती तर?"

मी उजवा हात मांडीखाली सरकवला.

"म्हणून येत राहायचं," त्या म्हणाल्या.

मी आणखी काही वर्षं जात राहिलो. आता त्या नाहीत. त्यांच्यासमोर बसून मी जे बोललो त्यातलं बरंचसं कुस्तीबद्दल नव्हतं. वर्गात एखादं पोर उलट बोललं की माझ्या तळहातात काय होतं, त्याबद्दल होतं. लग्न करायला मी का घाबरतो, त्याबद्दल होतं. आईला ज्या रात्री झोप लागत नाही, त्या रात्री मला तिचा राग का येतो, त्याबद्दल होतं. तो राग उशिरा आला, पण आला. तिला एकदा बोलून दाखवला. ती म्हणाली, "व्हय, तुला मी हत्यार केलं," आणि पोळी उलटली.

आबा गावीच असतात. तालीम अजून चालवतात. तालमीत त्या संध्याकाळची वेगळीच गोष्ट सांगितली जाते, त्यात मी दारू पिऊन आलेलो असतो. मागच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया होऊन गेला असं कळलं म्हणून मी भेटायला गेलो. तालमीच्या पायरीवर उन्हाला बसले होते. मोडलेलं बोट वाकडंच जुळलंय. बराच वेळ ऊस, पाणी, रस्ता असं बोलून झाल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "त्या बाईनं काय सांगितलंतं रं तुला?"

मी सांगितलं. आमच्या भाषेत, जमेल तसं. पोराला आई पायजे आसती, बाप आडवा येतो, पोराला वाटतं ह्यो मरावा, मग भ्या वाटतं, मग पोर त्ये गाडून टाकतं आन त्याचा रोग हुतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, आता उठून मारतील.

"माजा बाप मी पोटात आसतानाच मेला," ते म्हणाले. "मग माजं काय?"

बाई असत्या तर त्यांना विचारलं असतं.

"मला चुलत्यानं वाढिवलं. बैलागत मारायचा. त्येचा मला राग न्हाई." "बाप आसता तर तेनं बी मारलं आसतं. पर त्येचा राग आला आसता. आसं वाटतं."

एवढं बोलून ते उठले, कारण आत जोर काढायची वेळ झाली होती. मी पायरीवरच होतो. आतून मोजणीचा आवाज सुरू झाला, मग थांबला. मी डोकावलो. एक चांगला दणकट गडी, लग्न झालेला, मिशी असलेला, वाकून उभा होता आणि आबा त्याच्या पाठीवर काठी ओढत होते. कमर ढिली सोडली म्हणून. गडी हूं का चूं करत नव्हता. पाठीवर वळ उठत होते.

"वस्ताद," मी म्हणालो, "मारू नका त्येला."

आबा वळले. धाप लागली होती. काठी त्यांनी माझ्याकडं केली, मुठीची बाजू पुढं करून. "मग तू शिकीव. उतर खाली."

तो गडीही माझ्याकडं बघायला लागला, वाकलेलाच.

हौद्यात उतरायला मी बूट काढले नाहीत. सांगलीची गाडी यायला थोडाच वेळ होता. मी काठी त्यांच्या हातातून घेतली, बाहेर आणली आणि रस्त्यापलीकडच्या उसात फेकली. मागं आबांनी शिवी दिली आणि दुसरी काठी आणायला कुणाला तरी पिटाळलं. गाडी आली तेव्हा मी धावत जाऊन चढलो.